हातचा न घेता

१९ जून

प्रिय टिंगू,

अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. माझी तब्येत बरी, तुझ्या आईचे गुडघे जसेच्या तसे, आणि तुझ्या काकांनी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालून घालून खालच्या बिऱ्हाडाशी पुन्हा एकदा भांडण ओढवून घेतलं आहे. फोनच करणार होते. पण फोनवर तू ‘हं’, ‘बरं’ आणि ‘ठेवते’ यापलीकडे जात नाहीस, आणि मला आज जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. म्हणून कागद घेतला. शिवाय पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण मला ते दिसत नाही.

तर ऐक. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी तुझी मावशी पाच दिवस शाळेत जाऊन बसली होती, आणि तीही बाकावर! तिसरीच्या मुलांचे बाक. पहिल्या दिवशी माझे गुडघे आत अडकले ते जेवणाच्या सुट्टीतच निघाले.

झालं असं, की आमच्या शिक्षण विभागानं यंदापासून नवे निकष लागू केले आहेत. कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं त्याची नवी यादी, बेचाळीस शाळांना मिळून एकच. जुन्या यादीत लिहिलेलं असायचं, ‘हातच्याची वजाबाकी अचूक करतो.’ झालं, संपलं. नवीन काय म्हणते? ‘वजाबाकी एकापेक्षा अधिक रीतींनी करतो आणि आपली रीत दुसऱ्याला समजावून सांगतो.’ हे वाचून आमच्या शिक्षकखोलीत जो गोंधळ उडाला! आमचे खडूमास्तर तुला आठवत असतील, शर्टाच्या खिशात कायम खडू, त्यामुळे खिसा कायम पांढरा. ते म्हणाले, “तीस वर्षं पोरांनी गप्प बसावं म्हणून घसा फोडला. आता त्यांनी बोलावं म्हणून फोडायचा!” निकष मागे घ्या असा अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला आणि आम्ही सगळ्यांनी सह्या ठोकल्या. माझी सही तिसरी.

अशा मनानं मी त्या प्रशिक्षणाला गेले. शिकवायला आलेली बाई तुझ्याच वयाची. अंबाड्यात दोन पेन्सिली खोचलेल्या आणि तिसरी सगळीकडे शोधत असायची. मी तिचं नाव पेन्सिलबाई ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते सगळ्या सभागृहात पसरलं. तिनं पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं: हजार वजा तीनशे सदुसष्ट. “कोण येतंय?”

मीच गेले. एकतीस वर्षांचा हात! शून्यं खोडली, वर नऊ, नऊ, दहा लिहिले, सहाशे तेहेतीस. खडू ठेवला आणि वळले.

“छान. कसं केलंत?”

“हातचा घेतला.”

“कुणाकडून?”

“शेजारून.”

“शेजारी तर शून्य आहे.”

“मग त्याच्या शेजारून.”

“तिथेही शून्य.”

सभागृह हसायला लागलं. टिंगू, खरं सांगते, मला त्यापुढे काही सांगताच येईना. शून्याचे नऊ होतात हे मला ठाऊक होतं, का होतात ते मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. मग तिनं आम्हाला काड्यांचे गठ्ठे दिले. शंभराचे दहा गठ्ठे म्हणजे हजार. त्यातला एक सोडायचा, त्याच्या दहाच्या दहा जुड्या होतात, त्यातली एक जुडी सोडायची, दहा सुट्या काड्या. समोर काय उरलं? नऊ गठ्ठे, नऊ जुड्या, दहा काड्या. नऊ, नऊ, दहा! मी ते हातात धरून बघत बसले. हजारभर मुलांना मी हे शिकवलं असेल, आणि मला स्वतःला ते त्या दिवशी दुपारी साडेबाराला कळलं. हसू नकोस. किंवा हस, मीही हसत होते.

आणि याच्यापुढची गंमत तर ऐक. पलीकडच्या शाळेतली एक नवखी शिक्षिका उठली आणि म्हणाली, मी हातचा घेतच नाही. तिनं दोन्ही संख्यांतून एकेक काढून टाकला. नऊशे नव्व्याण्णव वजा तीनशे सहासष्ट. सरळ सरळ वजाबाकी, एका ओळीत उत्तर. सहाशे तेहेतीस!

“असं कसं चालेल?” खडूमास्तर ओरडले.

“का चालतं ते तुम्हीच सांगा,” पेन्सिलबाई म्हणाली.

अर्धा तास वाद. चहा बाहेर निवून गेला तरी कुणी उठेना. तीस-चाळीस वर्षं नोकरी झालेली माणसं एकमेकांच्या वह्या ओढून बघत होती. मी एवढी माणसं गणितावरून एवढी खूश झालेली जन्मात पाहिली नव्हती.

मला तुझी आठवण आली. तूही लहानपणी असलंच काहीतरी करायचीस ना? असो. तेव्हाचे दिवस वेगळे होते, आम्हालाही तसंच शिकवलं होतं, आम्ही तसंच पुढे शिकवलं.

मुद्द्यावर येते. नव्या निकषांत असंही आहे, की मापांवर ज्यांचं पोट चालतं अशा माणसांना वर्गात बोलवा. गवंडी, सुतार, औषधं मोजून देणारे. मी मोठ्या बाईंना ताबडतोब सांगून टाकलं की माझी भाची कपडे बेतते, एका कारखान्यात तिच्या हाताखाली अकराजणी आहेत, कापडाची चिंधीसुद्धा वाया जाऊ देत नाही. त्या म्हणाल्या, बोलवा. तेव्हा येशील का? एका तासाचं काम आहे. भाडंखर्च शाळा देईल, चहा मी देईन.

जुनं काही मनात असेल तर सोडून दे.

तुझी,
मावशी

ता. क. अर्जावरची माझी सही मी खोडून आले. खडूमास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काड्यांचा एक गठ्ठा मागायला आले.


२४ ऑगस्ट

प्रिय टिंगू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, दोन ओळी. ‘मावशी, बोलावणं मिळालं. पण कॉपी करणारीला वर्गात उभं केलेलं तुमच्या नव्या निकषांत बसतं का?’

खाली नाव नाही, काही नाही. मी ते पाकिटात परत घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. दोन महिने उत्तर लिहिलं नाही. कामाचं निमित्त होतं, आणि काम खरंच होतं, ते आधी सांगते. आधी तेच सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे.

वर्ग पार बदलून गेलाय. सुरुवातीला मुलं माझ्याकडे संशयानंच बघायची. ‘कसं केलंस?’ असं विचारलं की पटकन खोडरबर काढायची, कारण आजवर त्यांना हा प्रश्न चुकल्यावरच विचारला गेला होता. मला हे कळायला आठवडा लागला. मग मी ठरवलं, बरोबर आलेल्यालाच आधी विचारायचं. आता तर उलटंच झालंय, मी फळ्याकडे वळले की मागून सुरू, “बाई, माझी रीत वेगळी आहे!” “बाई, हिची लांबलचक आहे, माझी आखूड आहे!” एक डावखुरी मुलगी आहे, वर्षभर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती परवा फळ्याशी आली आणि अठ्ठेचाळीस अधिक सत्तावीस तिनं असं केलं: सत्तावीसमधले दोन काढून अठ्ठेचाळीसला दिले, पन्नास आणि पंचवीस, पंचाहत्तर. मग वर्गाकडे वळून म्हणाली, “दोन इकडचे तिकडे गेले, घराबाहेर कुणी गेलं नाही.” मला टाळी वाजवायची होती, पण हातात डस्टर होतं, त्यामुळे सगळ्यांवर खडूची पूड उडाली.

रोजच्या पाठाचं टाचण लिहायला मात्र आता दुप्पट वेळ लागतो. पूर्वी एका ओळीत भागायचं. आता मूल काय काय करू शकेल त्याचा आधी अंदाज बांधायचा, चार रीती लिहून ठेवायच्या, आणि वर्गात कुणीतरी पाचवीच काढतं! घरी येते ती डोकं भणभणतच. काका म्हणतात, तू झोपेत बेरजा करतेस. करत असेन. पंचविशीत नोकरीला सुरुवात केली तेव्हासुद्धा मी सकाळी इतक्या घाईनं शाळेत पळत नव्हते.

बरं. आता ते.

तू चौथीत होतीस आणि मीच तुझी वर्गशिक्षिका होते. शाळेत तू मला ‘बाई’ म्हणायचीस, घरी ‘मावशी’, आणि कधी चुकून वर्गात ‘मावशी’ निघून गेलं की मी डोळे मोठे करायची. निवड परीक्षा होती. आपल्या शाळेतून एका मुलाला त्या मोठ्या शाळेत जागा मिळणार होती, पुढची सगळी वर्षं फी नाही. गणिताचे वीस प्रश्न. तुझे वीसच्या वीस बरोबर आले. आणि वजाबाकीच्या चारही गणितांत एकही आकडा खोडलेला नाही, हातचा कुठे लिहिलेला नाही, नुसती उत्तरं. बाकीच्यांच्या वहीत खोडाखोडीचं रान माजलेलं, तुझा कागद कोरा करकरीत.

मी काय केलं ते तुला माहीत आहे. तांबड्या शाईनं ‘नक्कल’ असं लिहिलं आणि शून्य दिलं. शेऱ्यांच्या नोंदवहीतही लिहिलं.

का केलं ते मात्र तुला माहीत नसेल. त्या दिवसांत शिक्षकखोलीत आधीच कुजबुज होती, भाचीलाच जागा मिळणार बघा, मावशीच पेपर तपासणार. मला त्या कुजबुजीची एवढी धास्ती होती, की तुझा पेपर हातात आला तेव्हा मी त्यात बरोबर काय आहे ते बघत नव्हते. मला त्यात काहीतरी वावगं सापडायला हवं होतं. आणि ते सापडलं. आपल्याच माणसाला शून्य देणारी कडक बाई म्हणून पुढे माझं नावही झालं, लोकांनी कौतुक केलं.

तुला मी विचारलं नाही, कसं केलंस म्हणून. तो एक प्रश्न. तीन सेकंद लागले असते. आता मी तो दिवसातून पन्नास वेळा विचारते आणि प्रत्येक वेळी मला तुझा तो पेपर दिसतो.

तूही तेव्हा काही बोलली नाहीस. एक शब्द जरी बोलली असतीस तरी कदाचित... जाऊ दे, दहा वर्षांच्या पोरीनं काय बोलायचं. चूक माझी होती. हे मी बावीस वर्षांत तुला कधी म्हटलं नाही, आज लिहून देते: तू कॉपी केली नव्हतीस.

वर्गात उभं राहायला तुझ्याइतकं लायक मला दुसरं कुणी माहीत नाही. येणं न येणं तुझ्या मनावर.

तुझी,
मावशी


१३ ऑक्टोबर

प्रिय टिंगू,

तू आलीस! न कळवता, मंगळवारी तिसऱ्या तासाला, खांद्यावर खाकी कागदाचं भेंडोळं आणि गळ्यात टेप. मी भागाकार घेत होते. दारात तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, “आत येऊ का, बाई?” त्या ‘बाई’वर मी तुला ‘मावशी म्हण’ म्हणणार होते. पण चाळीस डोळे बघत होते, म्हणून म्हटलं, या.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. मुलं वेडी झाली आहेत! तू त्यांना फ्रॉकचे कागदी तुकडे देऊन विचारलंस ना, दीड मीटर कापडात सगळे बसवा, कात्री लावायच्या आधी दहा वेळा फिरवून बघा. आमच्या पुस्तकात क्षेत्रफळाला सहा पानं दिली आहेत, त्या सहा पानांत जे होत नाही ते तू पंचवीस मिनिटांत केलंस. डावखुरीनं बाही उलटी फिरवून कोपऱ्यात सरकवली तेव्हा तू तिला काय म्हणालीस? “हे मला सुचायला दोन वर्षं लागली होती.” पोरगी त्या दिवसापासून टेप गळ्यात घालून हिंडते. आणि ‘माया’! कंबर अडुसष्ट, चार तुकडे, प्रत्येकी सतरा, आणि वर दीड सेंटिमीटर माया. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “माया म्हणजे?” तू सांगितलंस, शिवणीसाठी जास्तीचं सोडलेलं कापड, पुढे कपडा घट्ट व्हायला लागला की उसवून सैल करता येतो. आता मुलं दर गणिताला विचारतात, बाई, यात माया किती धरायची?

मोठ्या बाई खिडकीतून बघत होत्या. त्यांनी विभागाला कळवलं, आणि गेल्या शुक्रवारी बेचाळीस शाळांच्या आढावा बैठकीत मला बोलायला उभं केलं. त्या बैठकीबद्दल सांगायचंच आहे. पण त्याआधी पायऱ्यांवरचं.

तुला सोडायला मी फाटकापर्यंत येत होते. पायऱ्यांवर तू थांबलीस, टेप गुंडाळलीस आणि अगदी सहज आवाजात म्हणालीस, “मावशी, तू लिहिलंस की मी एक शब्द बोलले नाही. बोलले नव्हते. पण लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या टेबलावर, डस्टरखाली चिठ्ठी ठेवली होती.”

मी म्हणाले, “मला नाही गं आठवत.”

तू मान हलवलीस. “असेल. खूप वर्षं झाली,” म्हणालीस आणि बस पकडायला गेलीस. रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं.

टिंगू, मला आठवत होती. तेव्हाही, पायऱ्यांवरही, गेली बावीस वर्षं रोज नाही पण दर निवड परीक्षेच्या दिवशी. वहीच्या कोपऱ्याचा फाडलेला कागद होता. पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘बाई, मी बघून लिहिलं नाही. मी आणि आई दोघी एकेक वर्षानं लहान झालो तरी आई माझ्यापेक्षा तेवढीच मोठी राहते. म्हणून मी दोन्हींतून एक काढला. मग शून्यं राहत नाहीत.’

मी ती चिठ्ठी वर्गात वाचली, आणि घरी जाऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चारही वजाबाक्या तुझ्या रीतीनं करून पाहिल्या. चारही बरोबर. यादी तोवर मोठ्या शाळेकडे गेली होती, पण अजून चार दिवस दुरुस्ती करता येत होती. हे मला माहीत होतं. दुरुस्ती करायची म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करायचं, की भाचीचा पेपर मी चुकीचा तपासला, आणि आता भाचीलाच जागा द्या. मला लोकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि ते चार दिवस जाऊ दिले.

ऑगस्टच्या पत्रात मी तुला सांगितलं, मी विचारलं नाही, ही माझी चूक. ती चूक होतीच. पण त्या कबुलीच्या आड मी ही दुसरी गोष्ट लपवली होती. न विचारणं हा वेंधळेपणा म्हणता येईल. उत्तर हातात असताना गप्प बसणं म्हणजे काय, ते तूच ठरव.

तुझ्या जागी जो मुलगा गेला तो पुढे चांगला शिकला. त्याचं काही चुकलं नाही, त्याला यात ओढायचं नाही.

आता बैठक. मला बोलायचं होतं वर्गातल्या बदलांवर, दहा मिनिटं. मी डावखुरीचं सांगितलं, तुझ्या फ्रॉकचं सांगितलं, लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी मागून म्हणालं, “हे सगळं ठीक आहे हो, पण मुलानं उत्तर ढापलंय की स्वतः काढलंय हे कळणार कसं?” खडूमास्तरांच्या अर्जातला हाच मुख्य मुद्दा होता. मी म्हटलं, “विचारून कळतं. मी एकदा विचारलं नव्हतं.” आणि मग सगळं सांगितलं, टिंगू. तुझं नाव न घेता, पण ‘माझी भाची’ म्हणून. पेपर, शून्य, चिठ्ठी, चार दिवस. शेवटपर्यंत थांबले नाही.

पेन्सिलबाई पहिल्या रांगेत होती, तिनं डोक्यातली पेन्सिल काढून उगाचच हातात धरली होती. बैठक संपल्यावर खडूमास्तर जिन्यात माझी वाट बघत उभे होते. पुढच्या वर्षी निवृत्त होतात. म्हणाले, “बाई, तुमची एक तरी तुम्हाला माहीत आहे. माझ्या किती असतील, मोजवत नाही.” आणि सोमवारी त्यांच्या वर्गावरून जाताना मला त्यांचा आवाज ऐकू आला. अजून रागावल्यासारखाच आवाज आहे त्यांचा, सवय जात नाही. पण ओरडून ओरडून काय विचारत होते? “कसं केलंस? अरे, बरोबरच आहे, घाबरतोस कशाला, सांग कसं केलंस!”

मला इतकं हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

परवा मी मोठ्या बाईंना घेऊन अडगळीच्या खोलीत गेले. शेऱ्यांच्या जुन्या नोंदवह्या वरच्या फळीवर आहेत. त्या म्हणाल्या, “बावीस वर्षांपूर्वीची नोंद. कोण बघायला येतंय?” मी म्हटलं, “मी आले ना.” स्टुलावर चढून वही काढली. पान सापडलं. माझंच अक्षर, ‘नक्कल करताना आढळली’. आढळली! कुठे आढळलीस तू मला? खाली रिकामी जागा होती. तिथे लिहिलं: ‘वरील शेरा चुकीचा आहे. उत्तरे विद्यार्थिनीने स्वतःच्या रीतीने काढली होती. रीत बरोबर होती. हे मला त्याच वेळी कळले होते.’ सही, त्या दिवसाची तारीख. मोठ्या बाईंनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. छायाप्रत सोबत पाठवते आहे. तुला ती चुलीत घालावीशी वाटली तरी माझं काही म्हणणं नाही.

या सगळ्यानं तुझी ती शाळा परत मिळत नाही, हे कळतं मला. तू कपडे बेततेस ते कमी आहे असं मी कधी म्हणणार नाही, मंगळवारी तुझे हात बघितलेत मी. पण दहावीनंतर तू गणिताचं पुस्तक रद्दीत घातलंस तेव्हा ताई मला म्हणाली होती, हिला आवडच नाही. आणि मी म्हटलं होतं, काहींना नसते.

एक शेवटचं राहिलं आहे. तेच सगळ्यात जड आहे, म्हणून सगळ्यात शेवटी लिहिते आहे.

चिठ्ठी मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी आई शाळेत आली होती. तुला माहीत नाही, तू वर्गात होतीस. फाटकाशी मला बाजूला घेऊन ती म्हणाली, “खरं सांग, माझी शपथ आहे. पोरगी रात्रभर रडते आहे, म्हणते मी केलं नाही. केली का तिनं कॉपी?” तेव्हा चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती, खांद्यावरच. आणि मी म्हणाले, “हो ताई. केली.”

त्यावर तिनं पुन्हा कधी शंका घेतली नाही. बहिणीवर विश्वास ठेवायचा की दहा वर्षांच्या मुलीवर, तिनं बहिणीवर ठेवला. त्या संध्याकाळी तुला मार बसला, तो तिच्या हाताचा असला तरी माझा होता. त्यानंतर जेव्हा जेव्हा तुमच्यात खटका उडाला तेव्हा ‘लहानपणापासून खोटं बोलतेस’ हे वाक्य निघत गेलं. तू लग्नानंतर दोन दोन वर्षं तिच्याकडे का जात नाहीस ते ताईला कळत नाही. ती मला विचारते. मला विचारते, टिंगू, आणि मी तिला म्हणते, कामात असेल.

बैठकीत दोनशे माणसांसमोर बोलताना जेवढी भीती वाटली नाही तेवढी आता वाटते आहे. पण वहीत लिहून आणि सभागृहात बोलून झालं म्हणजे झालं असं नाही, जिला सांगायला हवं तिला अजून सांगितलेलं नाही. आज शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. हे पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकते आणि तशीच पुढे तिच्याकडे निघते. चालत वीस मिनिटांचा रस्ता आहे. ती या वेळेला गुडघ्यांना शेक घेत बसलेली असते, उठून जाऊ शकणार नाही, एवढीच एक सोय.

ती मला घरात घेईल की दाराबाहेर काढेल, ठाऊक नाही. बहुतेक आधी एक आणि मग दुसरं. मी उंबऱ्यावर बसून राहीन. कदाचित तुला हे पत्र मिळायच्या आधीच तिचा फोन येईल. उचल. ‘हं’, ‘बरं’ म्हणून ठेवू नकोस. तिला बोलू दे, आणि तिला रडू आलं तर थांब थोडी. तिनं चूक केली ती माझ्यावर विसंबून केली, हे मी तिच्यासमोरही म्हणणार आहे, तुझ्यासमोरही म्हणते.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. ते मागायचा हक्क आहे की नाही, हे ताईच्या घरातून बाहेर पडल्यावर बघेन.

तुझ्या आईची,
धाकटी बहीण